चित्रपट संपल्यानंतर

चित्रपट पाहायला कोणाला आवडत नाही? तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी गावच्या जत्रेत सिनेमाचा तंबू उभा राही. सारा गाव जमिनीवर बसून पडद्यावरचा खेळ पाही. पुढे तालुक्याच्या गावी चित्रपटगृहे झाली, घरोघरी दूरदर्शन आले. आता तर चित्रपट मोबाइलमध्ये शिरून आपल्या खिशातच येऊन बसला आहे. पूर्वी चित्रपट मिळणे अवघड होते. आज हजारो चित्रपट समोर असताना त्यांतला एक निवडणे अवघड झाले आहे.

मी आधी दौंडला आणि नंतर शिरूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागले. दोन्ही शाळांत मुलांना चित्रपट दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही खिडक्यांना जाड चादरी लावायचो आणि भिंतीवर चित्रपट दाखवायचो. मुख्याध्यापकांची अपेक्षा एवढीच होती, की चित्रपट पाहून मुलांना समाजासाठी काही करावेसे वाटले पाहिजे.

मुलांना विचारले तर उत्तर ठरलेले असे. "आपा, मारामारीचा लावा!" त्या चित्रपटांत एकटा नायक दहा गुंडांना लोळवतो. गावातली माणसे ओट्यावर उभी राहून बघतात आणि शेवटी नायकाला खांद्यावर घेतात. असा चित्रपट पाहताना मलाही मजा येते. पण तो पाहून मुले एकमेकांना खोटे ठोसे मारत घरी जातात. गाव सुधारायला कोणी तरी बलवान येईल, आपण टाळ्या वाजवायच्या, एवढेच त्यांच्या मनात उरते. म्हणून चित्रपट निवडताना मी नायकाकडे कमी आणि त्याच्या भोवतीच्या माणसांकडे जास्त लक्ष देते. ती माणसे काय करतात? नायक निघून गेला, तर त्यांचे काम चालू राहील का?

या कसोटीला उतरलेला एक चित्रपट म्हणजे श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. तो १९७६ साली आला. गुजरातमधील दूध उत्पादकांची ती कथा आहे. हा चित्रपट निघावा म्हणून पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याची पटकथा मराठी नाटककार विजय तेंडुलकर यांची आणि संवाद उर्दूचे शायर कैफी आझमी यांचे. शहरातून आलेला एक डॉक्टर गावकऱ्यांना दुधाची सहकारी संस्था उभारायला मदत करतो. वाटेत अनेक अडथळे येतात. अखेर डॉक्टरला गाव सोडून जावे लागते. पण भोला नावाचा गावातलाच तरुण पुढे होतो आणि संस्थेचे काम हाती घेतो.

दौंडच्या शाळेत हा चित्रपट संपला, तेव्हा बरीच मुले हिरमुसली होती. डॉक्टरच निघून गेला, मग काय उपयोग, असे त्यांना वाटत होते. तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. त्याचे वडील रेल्वेत होते. तो म्हणाला, "आपा, आपल्या स्टेशनात गाडीचा ड्रायव्हर उतरतो आणि दुसरा चढतो. म्हणून गाडी काय इथेच थांबते?" सारा वर्ग हसला. मला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. जंक्शनच्या गावातल्या मुलाला जे रोज दिसते, तेच त्याने पडद्यावर ओळखले होते.

दुसरा चित्रपट 'दहावी फ'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो २००२ साली काढला. यातली मुले 'फ' तुकडीतली, म्हणजे सर्वांनी 'ढ' ठरवलेली. रागाच्या भरात ती शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. त्यांचे शिक्षक त्यांना नुसते रागावत नाहीत आणि पाठीशीही घालत नाहीत. मुले स्वतः कष्ट करून पैसे मिळवतात आणि झालेले नुकसान भरून काढायला निघतात. मला हा चित्रपट आवडतो, कारण यातली मुले पहिल्या नंबराची नाहीत. समाजाचे काम हुशार आणि शहाण्या मुलांनीच करायचे असते, हा समज तो दूर करतो. ज्याने मोडले, त्यालाही जोडता येते.

आता 'समाज' या शब्दाविषयी थोडे बोलू. एकदा मी वर्गात विचारले, "आपला समाज म्हणजे कोण?" कोणी म्हणाले, आपल्या मोहल्ल्यातले लोक. कोणी म्हणाले, आपल्या मशिदीत येणारे लोक. ही उत्तरे चुकीची नव्हती, पण अपुरी होती. पलीकडच्या आळीतला किराणा दुकानदार, दूध घालणाऱ्या मावशी, एसटीचे कंडक्टर, भाजीबाजारातले शेतकरी हे सारे कुठे गेले? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक जुना चित्रपट आपल्याच जिल्ह्यात तयार झाला आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली एकच कथा दोन भाषांत काढली. मराठीत 'शेजारी' आणि हिंदुस्थानीत 'पडोसी'. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन वृद्ध शेजारी त्यात आहेत. गावात धरण बांधू पाहणारा एक धनिक त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटते, तेव्हा ते दोघे पुन्हा एकमेकांचा हात धरतात. पण तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. 'पडोसी'मध्ये मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली आणि हिंदू शेजाऱ्याची मझहर खान यांनी. हे कळल्यावर मुलांना मोठे नवल वाटले. शेजाऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे म्हणजे काय, हे त्या दोन नटांनी करून दाखवले होते.

चित्रपट पाहून मन भरून येते, पण हाताला काम मिळतेच असे नाही. ते काम आमच्या शिरूरच्या मुलांना 'एक कप च्या' या चित्रपटाने दिले. हाही भावे-सुकथनकर यांचाच, २००९ सालचा. कोकणातल्या एका एसटी कंडक्टरच्या घरी भलत्याच मोठ्या रकमेचे वीजबिल येते. साधा, गरीब माणूस तो. तो कोणावर हात उगारत नाही. माहितीचा अधिकार देणारा कायदा २००५ साली लागू झाला होता. त्याचा आधार घेऊन तो अर्ज करतो.

त्यानंतर नववीतल्या एका मुलीने घरचे वीजबिल वर्गात आणले. तिच्या नानींना मराठी वाचता येत नव्हते. दर महिन्याला त्या बिल घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे जात. तो गिऱ्हाइकांतून मोकळा होईपर्यंत थांबत आणि किती पैसे भरायचे तेवढे विचारून परत येत. यंदा बिल जास्त आले म्हणून त्या काळजीत होत्या. आम्ही वर्गात ते बिल ओळ न् ओळ वाचले. चालू रीडिंग, मागील रीडिंग, एकूण वापर. मुलीने घरी जाऊन मीटरवरचा आकडा पाहिला आणि वजाबाकी केली. बिल अगदी बरोबर निघाले! उन्हाळ्यात रात्रंदिवस पंखा चालला होता. पण नानींच्या मनावरचे ओझे उतरले, कारण पहिल्यांदाच कोणी तरी त्यांना बिलाचा हिशेब समजावून सांगितला होता.

त्यातून मुलांना एक कल्पना सुचली. आपल्या मोहल्ल्यात अशा कितीतरी नानी-दादी आहेत. त्यांच्या घरी बँकेची पत्रे येतात, रेशनचे कागद येतात, शाळेच्या सूचना येतात आणि बहुतेक सगळे मराठीत असते. मग दर रविवारी सकाळी आठ-दहा मुले दोघादोघांनी घरोघर जाऊ लागली. त्यांनी आपले नियम स्वतःच केले. कागद वाचून दाखवायचा, लागेल तो अर्ज लिहून द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत. आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या दारी सांगायची नाही, कारण ती अमानत आहे.

या कामात मुलांना एक गंमत सापडली. मराठी अर्ज लिहिताना त्यात ओळखीचेच शब्द भेटू लागले. अर्ज, तारीख, सही, दाखला, हक्क हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत. आपल्या 'अमानत'चाच मराठीत 'अनामत' झाला आहे. 'तकरार'ची 'तक्रार' झाली आणि तिचा अर्थ थोडा बदलला. आपण उर्दूत तकरार करतो ती वाद घालण्यासाठी. मराठीत तक्रार करतो ती दाद मागण्यासाठी. जी मुले मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची, ती आता मला अर्जातल्या शब्दांचे अर्थ विचारू लागली. परीक्षेसाठी शिकलेली भाषा कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे त्यांनी अनुभवले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेतही कधी चित्रपट दाखवला जाईल. निवडण्याची संधी तुम्हांलाही मिळेल. तेव्हा नायक किती जणांना लोळवतो हे मोजू नका. किती जण मिळून काम करतात ते मोजा. त्यांना त्यासाठी काय सोसावे लागते ते पाहा. ज्यांच्यासाठी ते झटतात, त्यांत शेजारच्या आळीतले लोक आहेत की नाहीत, तेही पाहा. आणि चित्रपट संपला की स्वतःला एकच प्रश्न विचारा, "यातले कोणते काम मला उद्या सकाळी करता येईल?" ज्या चित्रपटाने या प्रश्नाचे उत्तर दिले, तो चांगला निवडला असे समजा.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. तुमच्या घरातही भिंतीवरच्या तारेला जुनी बिले ओवून ठेवलेली असतील. त्यांतले एक आज काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.