रत्नागिरीचे नाव कोठे मांडावे?

अंधांसाठी नकाशा करावयाचा म्हणजे डोळसांच्या नकाशातील रेषा तेवढ्या उठावदार करून द्यावयाच्या, असा समज सरकारी दप्तरांपासून सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. वस्तुतः जो प्रदेश डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात समग्र दिसतो, तोच बोटांना अंशाअंशाने चाचपून, मागे पडलेला भाग स्मरणात धरून, मनातल्या मनात जुळवावा लागत असल्यामुळे, या व्यवसायात निम्मे कौशल्य वगळण्याचेच असते.

पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर पसरलेला महाराष्ट्र ३० सेंटिमीटर रुंदीच्या तावावर बसवला, की एका मिलिमीटरात पावणेतीन किलोमीटर मुलूख येतो. परस्परांपासून दोन मिलिमीटरांहून जवळ असलेले दोन बिंदू बोटाच्या अग्राला सहसा वेगळे जाणवत नाहीत. म्हणजे वसईपासून तेरेखोलपर्यंतच्या बहुतेक खाड्या प्रमाणशीर काढल्या तर स्पर्शाला नाहीशाच होतात, आणि मुद्दाम रुंद करून सगळ्याच काढल्या तर किनाऱ्याचा आकार न कळता करवतीच्या दात्यांवरून बोट फिरल्याचा तेवढा भास होतो. मी दोन-तीन खाड्या ठेवतो, त्याही वाजवीपेक्षा रुंद; भूगोलाच्या शिक्षकांना हे रुचत नाही, पण माझा नाइलाज आहे.

नावांची अडचण त्याहून मोठी. भारती ब्रेलमध्ये ‘रत्नागिरी’ लिहिण्यास, जोडाक्षराच्या खुणेसह, नऊ घरे लागतात. एका घराला सुमारे सहा मिलिमीटर या हिशेबाने, रत्नागिरीच्या ठिपक्यापासून निघालेले हे नाव सह्याद्री ओलांडून थेट सांगलीच्या हद्दीत शिरते! ते समुद्रात लिहावे, तर समुद्र ओळखू यावा म्हणून तेथे दिलेल्या लहरींच्या पोतात ब्रेलचे बिंदू हरवतात. म्हणून नकाशावर एक-दोन अक्षरांचा संकेत द्यावयाचा आणि संपूर्ण नाव स्वतंत्र सूचीत, हाच मार्ग उरतो.

हा पेच जुना आहे. बॉस्टनच्या सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८३७ साली अमेरिकेचा स्पर्शनीय नकाशासंग्रह छापला, तेव्हा त्यातील अक्षरे उठावाची रोमन होती. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल आली आणि कोलकात्याच्या ‘नॅटमो’ या राष्ट्रीय मानचित्रण संस्थेचा ब्रेल नकाशासंग्रह २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आता काळ्या शाईने छापलेल्या रेषा उष्णतेने फुगवणारा कागदही मिळतो. त्यात काम झटपट उरकते हे कबूल. परंतु सगळ्या रेषा एकाच उंचीच्या येतात, आणि सरहद्द, नदी व डोंगर यांतला भेद केवळ जाडीवर वा तुटकपणावर सोडावा लागतो. दोरा, वाळूचा कागद व पुठ्ठा चिकटवून घडवलेल्या साच्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा ताव निर्वात यंत्राने ओढून घेण्याची जुनी पद्धत मला म्हणूनच अधिक पसंत आहे: तेथे सह्याद्रीला खरोखरच उंची देता येते.

मागे एका कार्यालयाने छत्तीसही जिल्हे, नद्या, लोहमार्ग आणि शक्य झाल्यास तालुके एकाच तावावर दाखवण्याची फर्माईश केली होती. मी तीन ताव दिले: पहिल्यावर केवळ राज्याची सीमा व समुद्र, दुसऱ्यावर जिल्हे, तिसऱ्यावर सह्याद्री व नद्या. तिन्ही एकाच मापाचे असून, कोणती बाजू वर धरावयाची हे हाताला तत्काळ कळावे म्हणून प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा कापलेला होता. ‘कोपरे फाटलेले’ असा शेरा मारून संपूर्ण गठ्ठा परत आला. त्याच तावांवर आता एका अंधशाळेतील मुले, डावा हात मुंबईवर रोवून, उजव्या हाताने गोदावरीचा मार्ग नाशिकपासून पूर्वेकडे शोधीत असतात.