दुपारी आडवं होणारं शहर

वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. त्या धुळीतून सुटलेला ठाणेकर सकाळी मांडवी एक्स्प्रेस पकडतो आणि दुपारी रत्नागिरीत उतरतो. तेव्हा बाजारपेठ जेवून आडवी झालेली असते. आधी तो चिडतो. संध्याकाळपर्यंत त्याचंही घड्याळ सैलावतं.

मांडवी किनाऱ्याची वाळू काळसर. काजळी नदीच्या मुखापलीकडे भाट्ये, तिथे सुरूचं बन आणि नारळ संशोधन केंद्र. थिबा पॉइंटवरून हे सगळं एका नजरेत येतं. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये या गावात आणून ठेवलं. लाल राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. पर्यटकाला निवांत वाटणारं हे गाव त्याला मात्र कैदच होतं!

पुढे आरे-वारेचा रस्ता. डोंगरावरून दोन्ही किनारे दिसले की गाडी थांबतेच.

गणपतीपुळ्यात मात्र गर्दी. इथला समुद्र फसवा, तळ एकदम खोल जातो. फार आत जाऊ नका, असं स्थानिक बजावतात. पर्यटक ‘हो हो’ म्हणत पँट दुमडतात.