निदान

यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत शेवटी शेवटी एक तक्ता असतो. त्यात तीन रकाने असतात : लक्षण, संभाव्य कारण, उपाय. बाकीची सगळी पुस्तिका यंत्र नीट चालतं असं धरून लिहिलेली असते; बिघडलेल्या यंत्राच्या वाट्याला तेवढा हा तक्ता येतो. तौलनिक साहित्याच्या एम. ए.ला असलं काही आम्हाला वाचायला नव्हतं. मी बरीच वर्षं बंगाली कथा-कादंबऱ्या मराठीत आणते आहे. पण माझ्या अनुवादांपैकी रोज कोणाच्या तरी नजरेसमोर असतो तो मात्र अशा एका तक्त्याचा.

माझा मामेभाऊ मालवणला पर्यटकांची बोट चालवतो. बोटीला मागे एकच आउटबोर्ड इंजिन आहे. स्टिअरिंग हायड्रॉलिक, आणि त्याला विजेवर चालणाऱ्या पंपाची जोड. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली असताना त्याचा मला कोलकात्याला फोन आला. "ताई, चाक जड झाला हा. वळवूक दोनी हात लागतत." मेकॅनिकने चाक एकदा फिरवून पाहिलं होतं आणि पंप बदला म्हणून सांगितलं होतं. नवा पंप म्हणजे सुट्टीतली निम्मी कमाई. आणि न बदलता बोट पाण्यात घालावी, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत. त्यांच्यामधूनच वाट काढावी लागते. बोटीत माणसं भरलेली आणि हातात वेळेवर न वळणारं चाक, यात काय होऊ शकतं हे त्याने बोलून दाखवलं नाही. पुस्तिका इंग्रजीत होती. तिच्या पानांचे फोटो त्याने मला पाठवले.

दोन संध्याकाळी मी ती पानं वाचली. रचना समजायला सोपी आहे. चाकामागे एक छोटा पंप असतो. चाक फिरवलं की तो एका नळीतून तेल ढकलतो, ते इंजिनाजवळच्या सिलिंडरमध्ये जातं, सिलिंडर इंजिनाला वळवतो आणि दुसऱ्या नळीतून तेल परत येतं. तेल दाबून आक्रसत नाही, म्हणून हाताचा जोर जसाच्या तसा पलीकडे पोचतो. हवा आक्रसते. नळीत हवा शिरली की चाक स्पंजासारखं मऊ लागतं. फिरतं पुष्कळ, वळवतं थोडं. विजेचा पंप हे काम फक्त हलकं करतो. तो बंद पडला तरी बोट वळते, हाताला जड जाते इतकंच. म्हणून चाक जड झालं की पहिला संशय पंपावर जातो, आणि तो अगदीच चुकीचा नसतो. फ्यूज उडालेला असेल, बॅटरी उतरलेली असेल, वायरीच्या टोकाला मीठ धरलेलं असेल.

पण तक्त्यात पुढे आणखी एक ओळ होती. बोट बांधून, इंजिन बंद करून, सिलिंडर आणि इंजिन यांना जोडणारा बोल्ट काढा आणि चाक फिरवा. आता चाक हलकं लागलं तर दोष स्टिअरिंगमध्ये नाही, इंजिनात आहे. तरीही जडच राहिलं तर नळ्या, तेल आणि पंप तपासा.

ही ओळ वाचताना मला आयुर्वेद आठवला. रोग ओळखण्याची पाच साधनं तिथे सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ति. त्यांतला उपशय म्हणजे काही देऊन किंवा काही बंद करून पाहायचं, आणि कशाने बरं वाटतं यावरून रोग ताडायचा. एक बोल्ट काढून चाक फिरवणं हा उपशयच की! मऊ पडत चाललेलं चाक हे पूर्वरूप. मराठीत आता रोग ओळखण्याच्या सगळ्या कामालाच आपण निदान म्हणतो; संस्कृतात त्याचा एक अर्थ मूळ कारण असाही आहे. तक्त्यातल्या मधल्या रकान्याला मी तोच शब्द वापरणार होते. पण मामेभाऊ म्हणाला, "निदान डॉक्टर करतत." मग साधं 'कशामुळे' लिहिलं.

बोल्ट काढल्यावर चाक एका बोटाने फिरलं. इंजिन मात्र दोन माणसांनी ढकललं तरी जेमतेम हललं. ज्या उभ्या दांड्यावर ते वळतं, तिथलं जुनं ग्रीस खाऱ्या हवेत सुकून खडीसारखं झालं होतं. नव्या ग्रीसने जुनं बाहेर निघेपर्यंत इंजिन डावी-उजवीकडे ढकलत राहण्यात एक आख्खा दिवस गेला. पंप आहे तोच राहिला.

त्यानंतर त्याने सगळा तक्ता मराठीत मागितला. आपली समुद्राची भाषा किती ठिकाणांहून आलेली आहे! सुकाणू अरबीतून आलं, नाखवा फारसीतून. त्या रांगेत स्टिअरिंगला जागा मिळायला काहीच हरकत नव्हती. बंगालीत सुकाणूला 'हाल' म्हणतात. 'हाल छाडा', म्हणजे सुकाणू सोडणं, याचा अर्थ आशा सोडणं. आपल्याकडे हाल म्हणजे यातना. मी राहते त्या शहरात आणि मालवणात या एका शब्दाचं एवढं अंतर आहे. ब्लीडिंगसाठी 'रक्तस्राव' कोणी लिहिणार नाही, पण 'निस्सारण' लिहायचा मोह पडतो. गॅरेजात म्हणतात 'हवा काढणे'. तेच घेतलं. एकाने चाकाजवळ तेल ओतत राहायचं, दुसऱ्याने सिलिंडरजवळचं निपल सैल करायचं, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत चाक फिरवत राहायचं.

इंग्रजीत एक सूचना वाक्याच्या पोटात दडलेली होती : ब्रेक ऑइल वापरू नये, त्याने सील खराब होतात. किनाऱ्यावर ऐन वेळी हाताला लागतं ते ब्रेक ऑइलच. मी ते वाक्य तोडलं. "ब्रेक ऑइल कधीही घालू नका" एवढं स्वतंत्र ओळीत घेतलं आणि कारण त्याच्याखाली लिहिलं. मूळ संहितेशी प्रामाणिक राहण्याबद्दल मी सेमिनारांतून पुष्कळ बोलले आहे. इथे प्रामाणिकपणा कोणाशी, हा प्रश्न फार वेळ पडला नाही.

पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणातली एक चौकटही उचलून मी तक्त्याच्या डोक्यावर आणली : चालत्या बोटीत चाक निकामी झालं तर आधी वेग उतरवा, माणसांना बसवा, बोट खडकाकडे वाहू लागली तर नांगर टाका. कारण नंतर शोधा.

ते पान लॅमिनेट करून चाकाशेजारी लावलं आहे. शेजारच्या दोन बोटींनी त्याच्या प्रती नेल्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या खलाशाने निरोप पाठवला : अक्षर मोठं कर, उन्हात चष्म्याशिवाय दिसत नाही. दुसरी आवृत्ती मोठ्या अक्षरात काढली आहे.