सूट कोणाची?



पर्युषण जवळ आलं की आमच्या असोद्याच्या महिला मंडळात एकच चर्चा असते, तपस्वींना यंदा काय द्यायचं? स्टीलचे डबे देऊन झाले, चांदीची नाणी देऊन झाली. डबे आता कोणाच्याच घरात मावत नाहीत आणि चांदीचा भाव विचारायची सोय राहिली नाही. म्हणून या चातुर्मासात असोदा-जळगावच्या मिळून 20 तपस्वी बहिणींना 1,000 रुपयांचं एकेक गिफ्ट कार्ड द्यायचं ठरलं. किराणा आणि घरसामान मिळेल अशाच दुकानाचं कार्ड घेतलं. अठाई केलेल्या बाईच्या हातात चामड्याच्या पर्सच्या दुकानाचं कार्ड देणं मला तरी पटत नाही.

वर्गणी जमली 20,000. त्याच महिन्यात बँकेची ऑफर होती: क्रेडिट कार्डाने गिफ्ट कार्ड घेतलं तर 5 टक्के सूट. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, एका क्रेडिट कार्डावर महिन्याला जास्तीत जास्त 500 रुपये. ही बारीक अक्षरं आधी वाचायची आणि मोठी नंतर. त्यामुळे निम्मी खरेदी माझ्या कार्डावर केली, निम्मी मंडळातल्या एका भाभींच्या. दोघींना 9,500 प्रमाणे बिल आलं, हातात कार्डं पूर्ण 20,000 ची.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग भाभी म्हणाल्या, "कार्ड आपलं, बिल आपल्या नावावर. भरायला उशीर झाला तर व्याज आपल्याला. मग हे 500 आपले नाहीत का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उशिराचा धोका खरंच मोठा आहे. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 9,500 एक महिना थकले तर साधारण 392 रुपये गेले. वाचवलेल्या 500 मधले उरले 108! 'मिनिमम ड्यू' भरला की काम झालं असं समजणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. तसं नसतं. बाकी रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं आणि पुढच्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. ज्या घरात बिल पूर्ण भरायची खात्री नाही, त्या घराने या ऑफरकडे पाहूसुद्धा नये.

पण आमच्या बाबतीत हा धोका होता कुठे? वर्गणीचे पैसे आधीच जमा होते. ते बाजूला ठेवून बिलाच्या तारखेला भरायचे, एवढंच काम.

मी घरी सासूबाईंना विचारलं. त्या रोज सामायिक करणाऱ्या, मोबाइलला हात न लावणाऱ्या. क्रेडिट कार्ड म्हणजे काय हे सांगण्यातच पाच मिनिटं गेली. मग म्हणाल्या, "शेजारणीने गहू आणायला पैसे दिले आणि दुकानदाराने भाव कमी लावला, तर उरलेले पैसे तू ठेवशील का गं?"

आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो. त्यात खोट्या वजन-मापाचा उल्लेख येतो आणि तो दुकानदारांसाठी आहे असं समजून आपण पुढे जातो. अदत्तादान म्हणजे न दिलेलं घेणं. बहिणींनी वर्गणी दिली ती तपस्येच्या अनुमोदनेसाठी, आमच्या बचतीसाठी नाही. भाभींना हे मी असंच्या असं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग त्यांनीच 500 रुपये वहीत जमा दाखवले. माझे 500 धरून 1,000 झाले, ते जीवदयेला दिले.

आता थोडं कार्डांविषयी. अनेक दुकानांत चालणाऱ्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: एका कार्डात जास्तीत जास्त 10,000 रुपये, मुदत किमान एक वर्ष, पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही. एकाच दुकानाचं स्वतःचं व्हाउचर या नियमांत येत नाही. त्याची मुदत कमी असू शकते, म्हणून तारीख पाहूनच घ्या. आणि कोड मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका, जो आधी वापरेल त्याचा तो! आम्ही प्रत्येकीला तिच्याच नंबरवर वेगळा पाठवला. आमच्या दोन वयस्कर तपस्वींना मोबाइल जमत नाही, त्यांना कागदावर छापून दिला.

एक गोष्ट अजून माझ्या मनात घोळते आहे. माझ्या क्रेडिट कार्डावर वर्षाला ठरावीक खर्च झाला की वार्षिक फी माफ होते. काही बँका त्यात गिफ्ट कार्डाची खरेदी धरत नाहीत, माझी धरते. म्हणजे मंडळाच्या 9,500 नी माझी फी माफ व्हायला हातभार लावला. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर सगळ्या हसल्या. अध्यक्षा म्हणाल्या, "ठेव गं, तुझी फी काही मंडळ भरत नाही." वहीत तसं लिहून घेतलं. सासूबाईंना मात्र अजून विचारलेलं नाही.