थोरली पेटी

रुळांच्या रुंदीतील एका अंतराने काय घडते, हे पुलगावात राहणाऱ्या मनुष्यास मुद्दाम सांगावे लागत नाही. मुंबई-नागपूरचा मुख्य मार्ग साडेपाच फूट रुंदीचा. आर्वीला जाणारा, १९१७ साली झालेला फाटा अवघा अडीच फुटांचा. आर्वीकडचा कापूस पुलगावपर्यंत येई आणि येथे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात माणसांच्या पाठीवरून जाई. ती छोटी गाडी आता थांबली आहे. पण लहान मापातून मोठ्या मापात जाताना मध्ये कोणाला तरी पाठ द्यावी लागते, एवढे तात्पर्य ती मागे ठेवून गेली. कॅमेऱ्याच्या बाबतीतही मला तेच आढळून आले.

माझ्याजवळ सागवानी लाकडाचा एक जुना हाफ-प्लेट कॅमेरा आहे. त्याची काच पाऊणेपाच इंच बाय साडेसहा इंचांची. त्याच कॅमेऱ्यावर आठ बाय दहा इंचांचे चित्र घ्यावयाचे, असे मी मनात आणले. क्षेत्रफळ पाहिले तर ही वाढ अडीचपटीहून अधिक होते. "खिशात फोन असताना हा उपद्व्याप कशाला?" असे माझ्या पुतण्याने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्याजोगे नव्हते.

एके काळी हा हव्यास नव्हता, गरज होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे आपले लोक या कलेकडे वळले, त्या काळी काचेवरील चित्र कागदावर वाढवून घेण्याची सोय व्यवहारात नव्हती. जेवढी काच, तेवढेच चित्र! मोठे चित्र हवे असेल तर मोठा कॅमेरा डोंगरावर चढवावा लागे. सॅम्युएल बोर्नने दहा बाय बारा इंचांच्या काचा हिमालयात नेल्या त्या याचसाठी. या मार्गाचे टोक गाठले शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सने. १९०० साली एका रेल्वे कंपनीस आपली संपूर्ण आगगाडी एकाच चित्रात, सांधा न जोडता हवी होती. त्याने आठ फूट बाय साडेचार फुटांच्या काचेचा कॅमेरा बांधला. काचेच्या चौकटीसह त्याचे वजन चौदाशे पौंड भरले आणि तो चालविण्यास पंधरा माणसे लागली.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. सेवाग्रामात कनु गांधींनी महात्माजींची जी छायाचित्रे घेतली, ती हातात मावणाऱ्या रोलिफ्लेक्सवर. फ्लॅश वापरायचा नाही, थांबा म्हणायचे नाही आणि खर्चासाठी आश्रमाकडे मागायचे नाही, अशा तीन अटी त्यांना होत्या. चालत्या माणसाला थांबा म्हणावयाचे नसेल तर लहान कॅमेराच हवा. थोरल्या पेटीचा सगळा व्यवहारच 'थांबा' या शब्दावर चालतो. मला नेमके तेच म्हणावयाचे होते.

कारण आमचा वाडा विकला जाणार होता. भावंडे नागपूर, पुणे आणि परदेशी विखुरलेली. दिवाळीस सर्वजण एकदा येणार आणि मग या अंगणात पुन्हा कोणी जमणार नव्हते. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. याच अंगणात तिचे लग्न लागले होते.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. खिडक्या-दारे करणारे, पण हात मोठा सूक्ष्म. कागदावर आकृती काढून मी त्यांना अडचण सांगितली. जुने भिंग मोठी काच पुरी झाकीत नाही. चारी कोपरे काळे राहतात. त्याकरिता बारा इंच केंद्रांतराचे भिंग मी मिळविले. पंधरा फुटांवरच्या मंडळींसाठी या भिंगापासून फिल्म तेरा इंचांच्या किंचित आत ठेवावी लागते. आता नवा भाता शिवावा, तर ते काम येथे कोण करणार? परंतु प्रकाश भिंगातून शंकूसारखा पसरत जातो. म्हणून जुन्या पाठीमागे सहा इंच खोलीची दुसरी पेटी बसविली, तर शंकू जुन्या चौकटीतून सात इंचांच्या सुमारास, अजून आखूड असतानाच पार होतो आणि पुढच्या सहा इंचांत हवा तेवढा पसरतो. जुना भाता जसाच्या तसा चालतो. मिस्त्रींनी आकृतीवर बोट फिरविले आणि म्हणाले, "म्हंजे पेटीमागं पेटी लावाची म्हना ना!" इतक्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नव्हते.

खरी कसोटी होती ती खाचेची. ज्या दुधी काचेवर आपण प्रतिमा जुळवून पाहतो, ती काढून तिच्या जागी फिल्मची डार्क स्लाइड बसते. काचेची खरबरीत बाजू आणि फिल्मचा पृष्ठभाग ही दोन्ही भिंगापासून एकाच अंतरावर यावयास हवीत. कागदाच्या दोन-चार पदरांएवढा फरक पडला तरी स्पष्टता उणावते. मिस्त्रींनी ती खाच तीन वेळा तासली. आतून काळा रंग दिला. रात्री पेटीत दिवा ठेवून कोठून उजेड झिरपतो ते पाहिले आणि एका सांध्यात काळे मखमल भरले.

फिल्म म्हणून मी एक्स-रेची घेतली. ती आठ बाय दहा इंचांतही मिळते, छायाचित्रणाच्या फिल्महून पुष्कळ स्वस्त पडते आणि तांबडा प्रकाश तिला दिसत नसल्यामुळे तांबड्या दिव्याखाली हाताळता येते. या गुणाचाच एक परिणाम असा, की कुंकू काळे उमटते. जुन्या चित्रांतल्या आज्या-पणज्यांच्या कपाळी तो काळा ठिपका आपण सर्वांनी पाहिला आहे.

पाडव्याच्या सकाळी अंगणातल्या सावलीत सतरा मंडळी तीन ओळींत बसली. फिल्म दोनच होत्या. छिद्र बारीक केल्यामुळे एक सेकंद लागणार होता. तेवढा वेळ कोणी हलावयाचे नाही. वाटणीवरून वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ शेजारी आले होते, कारण उंचीप्रमाणे बसविताना त्यांची जागा तीच येत होती. "आता थांबा," असे मी म्हणालो आणि भिंगावरचे झाकण काढले. त्या सेकंदापुरता सतरा माणसांनी एकदम श्वास धरला होता. आमच्या घरात इतके एकमत पुष्कळ दिवसांत झाले नव्हते.

पहिल्या फिल्मवर तान्हे मूल हलले. दुसरी उत्तम आली. ती कागदावर दाबून, वर काच ठेवून छाप घेतला. मध्ये ना यंत्र, ना भिंग: चेहऱ्यांवरून आलेला प्रकाश फिल्मला लागला आणि ती फिल्म कागदाला लागली. स्पष्टता आजच्या फोनमध्येही पुष्कळ आहे, हे पुतण्याशी मी मान्य करतो. परंतु फोनने त्या सकाळी शेकडो चित्रे घेतली, आणि त्यांपैकी एकासाठीही कोणास थांबावे लागले नाही.

आत्याने छाप हाती घेतला. एकेक चेहरा अर्ध्या इंचाहून मोठा होता; तरी तिने पोथी वाचावयाचे भिंग मागितले आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, ती माणसे पाहते आहे. ती म्हणाली, "अरे, मागची तुळस किती छान आली आहे!" वाडा मार्गशीर्षात दुसऱ्याचा झाला. तुळशीचे एकेक पान त्या कागदावर मोजता येते.