सर्वांत वाईट राजा कोण?

अमेरिकेतील इतिहासकारांना आपल्या अध्यक्षांची परीक्षा घेण्याची मोठी हौस आहे. 1948 साली आर्थर श्लेसिंजर नावाच्या प्राध्यापकांनी पंचावन्न विद्वानांची मते मागवून एक यादी केली. तिच्यात ग्रँट आणि हार्डिंग हे दोघे साफ नापास झाले. पुढे परीक्षक बदलले, काळ बदलला आणि ग्रँटसाहेब हळूहळू वर सरकू लागले. त्यांच्या कारकिर्दीत सरकारी खात्यांत लाचलुचपत माजली होती हे खरेच. पण नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना छळणाऱ्या टोळ्यांचा त्यांनी बंदोबस्त केला होता. 1948 च्या परीक्षकांनी या प्रश्नाला गुणच ठेवले नव्हते. 2021 सालच्या एका यादीत ग्रँट विसावे आले आणि तळाला बुकॅनन. मी दरवर्षी गठ्ठ्यांनी उत्तरपत्रिका तपासणारा माणूस. फेरतपासणीत इतके गुण वाढलेला विद्यार्थी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपल्याकडे अशी यादी कोणी छापत नाही, पण तोंडी ती तयारच असते आणि दिवाळीत चिवड्याबरोबर बाहेर येते. आमच्या घरी तर तिला सोयरिकीचा आधार आहे. माझी सासुरवाडी पुण्याची. मेहुणे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे दादा, भाऊबीजेला नागपुरास येतात ते पेशवाईचे मुखत्यारपत्र घेऊनच. शेजारचे काका पोस्टातून निवृत्त झालेले, जन्म महालातला. भोसल्यांचे वकीलपत्र त्यांच्याकडे. वाद असा की, मराठी राज्य बुडवणारा सर्वांत वाईट राजा कोणता? दोघांनाही मान आपल्या गावाला नको असतो.

"जावईबापू, तुमचे भोसले घरभेदेच," दादा सुरुवात करतात. "1763 साली निजामाबरोबर येऊन पुणे लुटले ते जानोजींनीच ना?"

"अन् दोन वर्षांनी त्याच निजामाला संगे घेऊन नागपूर जाळलं ते कोणी?" काका चिवड्यातले खोबरे वेचीत म्हणतात. "काय सांगून राहिले तुम्ही, बाप्पा!"

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुणेकरांना पहिली आठवते, नागपूरकरांना दुसरी.

मग दादा भाऊबंदकीवर येतात. पण त्या विषयात पुण्याचे भांडवलही काही कमी नाही, म्हणून ते जपून बोलतात. 1775 साली आमच्या पाचगावजवळ मुधोजींनी ऐन लढाईत सख्ख्या भावाला, साबाजींना, गोळी घातली. त्याला नारायणरावांच्या खुनाचे उत्तर तयार असते. एक खून इकडे, एक तिकडे, फिटंफाट! खरी लढत जुंपते ती दुसरे बाजीराव आणि अप्पासाहेब भोसले यांच्यात.

दोघेही एकाच महिन्यात बुडाले. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. 24 नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी, पेशवा पळत असताना, त्याच्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली आणि 26 ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. इंग्रजांकडे माणसे जेमतेम दीड हजार, भोसल्यांची फौज त्यांच्या दसपट. अरबांनी धाकटी टेकडी घेतलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या थोड्याशा घोडेस्वारांनी उलटी चाल केली आणि हाती आलेला डाव गेला. आज त्याच बर्डीवर दिवाळीची खरेदी करताना पाय ठेवायला जागा नसते.

"फौज दसपट आणि हार! यापेक्षा वाईट राजा कसा असतो?" दादा विचारतात.

"अहो, लढला तरी! तुमचा तो पर्वतीवरून लढाई पाहत होता." आणि मग काका आपला हुकमाचा पत्ता टाकतात. बाजीराव 1818 साली माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेत 1851 पर्यंत ब्रह्मावर्तास राहिले. अप्पासाहेबांना कैदी म्हणून अलाहाबादेस नेत होते. ते वाटेतच शिपायाच्या वेषात निसटले, पचमढीच्या महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले, तिथून अशीरगड, पुढे पंजाब, आणि शेवटी जोधपूरला 1840 साली वारले. जोधपूरच्या मानसिंगांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही ते नाहीच. स्वतः दरमहा पेन्शन घेणारा माणूस पेन्शन घेणाऱ्या पेशव्याला इतका तुच्छ लेखतो, हे पाहून मला मौज वाटते.

पण काकांनाही एक आवंढा गिळावा लागतो. फेब्रुवारी 1817 मध्ये अप्पासाहेबांचे चुलतभाऊ परसोजी, आंधळे, पांगळे, नावाचे राजे, अंथरुणात मेलेले आढळले. अप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे गेले होते. गळा दाबवून मारविले असा त्यांच्यावर ठपका आहे आणि तो मला खोटा वाटत नाही. मात्र त्यांना गादीवर बसू देताना इंग्रजांनी त्या मृत्यूची फारशी विचारपूस केली नव्हती. खुनाचा बोभाटा झाला तो सीताबर्डीनंतर.

माझे स्वतःचे मत या दोघांपैकी कोणालाच नाही. ते अप्पासाहेबांचे चुलते, दुसरे रघूजी, यांना आहे. 1803 साली असई आणि अडगाव इथे हार झाल्यावर देवगावच्या तहाने कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. गेलेल्या मुलखाचा वसूल त्यांनी उरलेल्या मुलखातून काढायला घेतला. नवे कर बसवले, सारा वाढवला. सैन्याचा पगार थकला, तेव्हा सैन्याने कुणब्यांना लुटले. 1811 साली पेंढारी नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन पुरे जाळून गेले. आमच्याकडे खेडोपाडी पडक्या मातीच्या गढ्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी या काळातल्या. गावाने स्वतःला कोंडून घेतले होते. या राजाला 'बडा बनिया' असे टोपणनाव पडले. लढाई हरणे मी समजू शकतो. हरलेल्या लढाईचे बिल शेतकऱ्याच्या दारी पाठवणे मला समजत नाही.

हे मी जरा आवाज चढवून सांगत होतो, तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बंगाली बाई संदेशाचा डबा घेऊन आल्या. नागपुरात त्यांची ही तिसरी पिढी; मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. थोडे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी विचाराल तर तुमचे पहिले रघूजी."

काकांच्या हातातला लाडू हातातच राहिला. पहिले रघूजी म्हणजे नागपूरचे दैवत! पण 1742 पासून दहा वर्षे त्यांच्या स्वाऱ्या बंगाल्यावर झाल्या. 1751 साली ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई पदरात पडली तेव्हा त्या थांबल्या. 'बर्गी' आले म्हणून बंगालच्या आया अजून मुलांना निजवतात. आमच्या घराण्यांची वैभवे ज्या पैशावर उभी राहिली, तो कोणाच्या तरी जळत्या कोठारातून आला होता. बाई हे भांडणाच्या सुरात बोलल्या नाहीत. लाडूतले तूप चांगले आहे हेही त्याच सुरात म्हणाल्या.

मला या वादात भीती वाटते ती एकाच गोष्टीची. 'वाईट राजा' हा शिक्का नुसता गप्पांपुरता राहत नाही. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा ते व्यसनी होते, कारभारात त्यांचे लक्ष नव्हते, असे रेसिडेंटने लिहून ठेवले. त्यात तथ्य असेलही. पण 1854 साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि पाठोपाठ भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले, जवाहीर कलकत्त्याला गेले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई वाड्यात बसून हे सारे पाहत होत्या. राजा वाईट ठरला म्हणून प्रजेचे काही भले झाले असते तर गोष्ट वेगळी. इथे गुण देणाऱ्यानेच विद्यार्थ्याचे घर ताब्यात घेतले.

हे ऐकून दादा थोडे नरमले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर महालात आले. भोसल्यांच्या जुन्या वाड्यापैकी आता नगारखाना तेवढा उरला आहे. त्याच्याकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिले.

"बाकीचा वाडा जाळला कोणी हो?" त्यांनी जरा चाचरत विचारले.

"घाबरू नका," मी म्हणालो, "ही आग 1864 ची. तोवर पेशवाई जाऊन शेहेचाळीस वर्षे झाली होती."