रेकॉर्डीत बेस होताच

"ह्या जुन्या रेकॉर्डीत बेस नसतोच काका," सब-वूफर जोडायला आलेला पोरगा म्हणाला, आणि वर, "तुमची प्लेटच घासलेली हाय." त्याला बरेच दिवस झाले, पण ते अजून डोक्यातून जात नाही.

रेकॉर्ड अण्णांची. भीमसेन जोशींची 'अभंगवाणी', संगीत श्रीनिवास खळ्यांचं. अण्णा थर्मल वीज केंद्रात नोकरीला होते. परळीत दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी राख घरात येतेच. त्या राखेत त्यांनी ही तबकडी कशी जपली ते मी पाहिलंय. वाजवून झाली की मखमली ब्रशने पुसायची, आतल्या पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड वर करून कव्हरात सारायची. कपाटात कायम उभी, आडवी कधीच नाही. अशा माणसाच्या रेकॉर्डीला घासलेली म्हणायचं?

नवा टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि दोन लहान स्पीकर आधीच आले होते. आवाज स्वच्छ होता, पण पखवाज लुळा. त्याच्या धुम्यावर, म्हणजे डाव्या तोंडावर, ओली कणीक लावतात ती घुमाऱ्यासाठीच, आणि नेमका तोच ऐकू येत नव्हता. म्हणून दहा इंची सब-वूफर घेतला. दुकानाने जोडायला पोरगा पाठवला. त्याने सब सरळ शोकेसच्या खालच्या कप्प्यात सारला. वरच्या फळीवर टर्नटेबल. मी म्हटलं, "अरे, एकाच लाकडावर दोन्ही?" तर म्हणे, "काही होत नाही." आवाज निम्म्याच्या वर नेला, क्रॉसओव्हर, म्हणजे सबने वाजवायच्या सुरांची वरची मर्यादा, १२० हर्ट्झवर ठेवला आणि सुई टेकवली.

गाणं सुरू व्हायच्या आतच सबचा कोन आवाज न करता आत-बाहेर हलायला लागला. मग घूंऽऽ असा एक सूर निघाला. तो वाढतच गेला, शोकेसच्या काचा थडथडायला लागल्या आणि सुई उडून पुढच्या अभंगावर जाऊन पडली. मी धावत जाऊन टोनआर्म उचलला. त्या जागी आता कायमचा एक टिक वाजतो. आणि हे सगळं झाल्यावर तो म्हणाला, प्लेट घासलेली आहे!

खरं कारण साधं आहे. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम बारीक करून कोरतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला मोजकंच मावेल. वाजवताना फोनो प्रीॲम्प ते पुन्हा मोठे करतो. २० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ दहापट वाढतो. 'आरआयएए' नावाचं हे माप १९५४च्या सुमारास ठरलं. म्हणजे सुईला जी थरथर लागेल ती वाढून सबमध्ये जाणार, सब फळी हलवणार, फळी पुन्हा सुई हलवणार. यात रेकॉर्डीचा काय दोष? बेस तिच्यात होताच; हे झालं ते एकाच फळीमुळे.

पुढचं मीच केलं. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर शहाबादी फरशी बसवली आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवला. आमचं घर स्टेशनच्या बाजूला. आधी खिडकी बंद असतानाही कोळशाची मालगाडी सुईतून सबमध्ये यायची, दोन अभंगांच्या मधल्या शांततेत साफ कळायची. फरशीनंतर ती बरीच कमी झाली. सबची जागा शोधायला तो माझ्या खुर्चीच्या जागी ठेवला, रेकॉर्ड लावली आणि भिंतीकडेने कान जमिनीलगत ठेवून फिरलो. कोपऱ्यात नुसती घुमघुम. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर आपोआप फुगतो. दाराच्या अलीकडे पखवाजाची थाप न् थाप वेगळी कळली. सब तिथेच ठेवला. क्रॉसओव्हर ६०वर आणला, २० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावला. आवाज असा ठेवावा की सब बंद केल्यावरच तो होता हे कळावं. घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आधी टर्नटेबल पक्का करा, वॅट नंतर बघा.

बेस म्हणजे छातीत धडधडलं पाहिजे, ही समजूत मिरवणुकीतल्या डीजेंनी करून ठेवलीय. वैजनाथाच्या पायऱ्यांवर बसून ज्याने भजनातला पखवाज ऐकलाय त्याला ती पटणार नाही. त्या पोराचे कान मात्र डीजेवरच तयार झालेले. त्याला दोष तरी किती द्यायचा?

त्याचं एक वाक्य अगदीच खोटं नव्हतं म्हणा. १९२५च्या सुमारास विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायक भोंग्यासमोर गायचे, आणि तसल्या मुद्रणात खोल बेस जवळपास उतरलेलाच नाही. अशा जुन्या नाट्यगीतांना मी सब बंदच ठेवतो, नाहीतर मोटारीची घरघर तेवढी मोठी होते. आणि हल्ली भीमसेनजींची नुसती आलापी ऐकतानाही हात सबच्या बटणाकडे जातो. तानपुरा लहान स्पीकरांवरच मला जास्त मोकळा वाटतो. एवढा खर्च करून असं वाटावं, याचं घरच्यांना नवल वाटतं. पखवाज आला की पुन्हा चालू करतो.